जुने कॉम्प्युटर गेम नेटवर फुकट मिळत असताना ते विकत का घ्यायचे?

तुमचा प्रश्न असा की नव्वदच्या दशकातले गेम नेटवर फुकट पडलेले असताना जीओजीसारखी ऑनलाइन दुकानं ते पैसे घेऊन विकतात, तर नेमकं विकतात तरी काय? काही वर्षांपूर्वी मीही हेच विचारलं असतं, तेही तावातावाने. आमच्या पिढीला गेम विकत घ्यायची सवय कुठे होती? क्लासच्या सरांच्या फ्लॉपीतून 'डेव्ह' आणि 'प्रिन्स' घरी यायचे आणि फ्लॉपी परत देताना तिच्यात व्हायरस गेला म्हणून आम्ही बोलणी खायचो.

माझं मत बदललं ते एका सीडीमुळे. पहिल्या पगारातून घेतलेला ओरिजिनल गेम, अजून खोक्यासकट जपलेला. मध्ये एकदा लेकीला दाखवायला तो काढला, उसना ड्राइव्ह आणला आणि सेटअपवर क्लिक केलं. "हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही." गंमत म्हणजे गेम ३२ बिटचाच होता, पण त्याचा इन्स्टॉलर, म्हणजे गेम बसवणारा प्रोग्राम, त्याहून जुन्या १६ बिटच्या पद्धतीचा, आणि आजच्या ६४ बिटच्या विंडोजवर १६ बिटचं काही चालतच नाही. त्या काळच्या पुष्कळ सीड्यांची हीच रड आहे. मग फोल्डर हाताने कॉपी केलं. गेम उघडला, पण मुका! कारण संगीत फाइलमध्ये नव्हतंच, ते सीडीवर ऑडिओ ट्रॅक म्हणून होतं. तीच सीडी म्युझिक सिस्टिममध्ये घातली की दुसऱ्या ट्रॅकपासून गाणी वाजायची, हे मला तेव्हा आठवलं. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. शेवटी वैतागून दुकानातून विकत घेतला आणि पाच मिनिटांत संगीतासकट सुरू झाला.

तर पहिलं उत्तर हे, की ते ही खटपट विकतात. मात्र डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या काळ्या पडद्यावरच्या गेमपुरतं प्रामाणिकपणे सांगतो, तिथे खटपट फार नसते. आजच्या मशीनवर डॉसची नक्कल करणारा डॉसबॉक्स हा प्रोग्राम २००२ पासून फुकट आहे, आणि दुकानही बहुतेक वेळा तोच डॉसबॉक्स नीट सेटिंग करून बरोबर देतं. तुम्हाला हौस असेल तर स्वतः करा. पण २००० च्या आसपासचे विंडोजचे गेम मात्र खरी डोकेदुखी. तेव्हा कॉपी होऊ नये म्हणून सेफडिस्कसारखी कुलपं लावत. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते कुलूप चालवणारा भाग, सुरक्षेच्या कारणाने विंडोज १० मध्ये ठेवलाच नाही. म्हणजे ज्याने पैसे मोजून सीडी घेतली तो दाराबाहेर, आणि क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली फाइल, उतरवणारा आत. २०१० मध्ये तर स्टीम या ऑनलाइन दुकानात विकल्या जाणाऱ्या मॅक्स पेन २ या गेमच्या फाइलमध्ये 'मिथ' या क्रॅक करणाऱ्या टोळीचं चिन्ह सापडलं होतं. आपल्याच कुलपाला चोराची किल्ली!

पण खरी मेहनत कोडमध्ये नाही, कागदात आहे. गावाकडच्या वडिलोपार्जित जमिनीचा सातबारा ज्याने एकदा तरी काढलाय त्याला हे लगेच कळेल. कंपनी बुडते, हक्क कोणाकडे तरी जातात, तो तिसऱ्याला विकतो, नावाचा ट्रेडमार्क चौथ्याकडेच राहतो. सिस्टम शॉक २ चं उदाहरण घ्या. १९९९ चा गेम. तो बनवणारा लुकिंग ग्लास स्टुडिओ २००० मध्ये बंद पडला आणि हक्क गेले चक्क एका विमा कंपनीकडे. स्टीफन किक नावाचा गेम कलाकार नोकरी सोडून मध्य अमेरिकेत भटकत होता. तिथे लॅपटॉपवर हा गेम खेळावासा वाटला, चालेना. विकत कुठे मिळतोय का बघितलं, तर कुठेच नाही. मग त्याने थेट विमा कंपनीच्या वकिलांनाच गाठलं आणि नाइट डाइव्ह ही कंपनी उभी केली. फेब्रुवारी २०१३ मध्ये गेम जीओजीवर आला. त्याच सुमारास कोणीतरी निव्वळ टोपणनावाने नव्या विंडोजवर तो चालवणारा पॅच, म्हणजे दुरुस्तीची फाइल, नेटवर टाकून दिला होता. तो पॅचही या विक्रीत कामी आला. हे जुन्या गेमांच्या बाबतीत नेहमीचं आहे: पैसा दुकानाला, घाम कुणा हौशी माणसाचा. मला ते खटकतं.

सगळ्यांचं नशीब तसं नसतं. 'नो वन लिव्ह्ज फॉरएव्हर' हा २००० चा गेम याच किकने सोडवायचा प्रयत्न केला. तीन बड्या कंपन्यांचा संबंध, आणि हक्क नक्की कोणाकडे हे कोणीच छातीठोकपणे सांगेना. गेम आजही विकत मिळत नाही. असले वारस नसलेले गेम तुम्ही कुठूनही उतरवलेत तर मी तुम्हाला नावं ठेवणार नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये मोजदाद केली, तेव्हा २०१० पूर्वी तिथे आलेल्या गेमांपैकी ८७ टक्के बाजारात उपलब्धच नव्हते.

तुमच्या 'फुकट'चं उत्तर जीओजीच्या मालकांनी फार आधी दिलंय. सीडी प्रोजेक्ट ही पोलंडची कंपनी, १९९४ ची. तिथला बाजारही आपल्या लॅमिंग्टन रोडसारखाच, चोरट्या सीड्यांनी भरलेला. त्यांनी १९९९ मध्ये बाल्डर्स गेट हा गेम पोलिश नटांच्या आवाजात आणला, मोठ्या खोक्यात, नकाशासकट. चोरापेक्षा जास्त माल द्यायचा, हा हिशोब. २००८ मध्ये 'गुड ओल्ड गेम्स', म्हणजेच जीओजी, सुरू केलं तेव्हाही तोच: ५.९९ आणि ९.९९ डॉलर असे दोन भाव, कसलंही कुलूप नाही, वर मॅन्युअल आणि वॉलपेपर.

घेणार असाल तर सेलची वाट बघा आणि कार्डवर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून घ्या. त्याहून महत्त्वाचं, ऑफलाइन इन्स्टॉलर, म्हणजे नेटशिवाय गेम बसवणारी फाइल, उतरवून आपल्या हार्ड डिस्कवर ठेवा. दुकानातला माल उद्या असेलच असं नाही. वॉरक्राफ्ट या गेमचे पहिले दोन भाग २०१९ मध्ये जीओजीवर आले आणि डिसेंबर २०२४ मध्ये विक्रीतून गेले. ज्यांनी आधी घेतले होते त्यांच्याकडे ते राहिले.

मॅन्युअलची पीडीएफही उतरवा, आळस करू नका. काही जुने गेम मध्येच अमुक पानावरचा अमुक शब्द विचारतात. आमच्या प्रिन्समध्ये पहिली लेव्हल संपली की बाटल्यांची एक खोली लागायची, मॅन्युअलमधल्या शब्दाचं पहिलं अक्षर असलेली बाटली प्यायची. मॅन्युअल कोणाच्या बापाने बघितलं होतं? चुलतभाऊ प्रत्येक वेळी ठणकावून सांगायचा, "'एस'ची पी, 'एस'ची!"