चष्मा आहेच की डोळ्यावर!

प्रश्न : मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या फेटलिंग खात्यात, म्हणजे ओतीव कास्टिंग घासून साफ करतात तिथे, हँड ग्राइंडर चालवतो. वय 44. लांबचा नंबर उणे अडीच, आता जवळचाही लागलाय. कंपनीचा गोगल चष्म्यावर नीट बसत नाही, दाबून बसवला तर वाफ धरते. म्हणून नुसत्या चष्म्यावर काम करतो. तेवढा पुरत नाही का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही पुरत. चष्म्याच्या दुकानात बसून मला 22 वर्षं झाली. सुरुवातीला मीच कामगारांना सांगायचो, 'काच घ्या, चरे पडत नाहीत.' आज त्याची लाज वाटते. तुमच्या चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला 11 हजारांच्या आसपास फेरे घेते. म्हणजे तिच्या कडेचा वेग ताशी 200 किलोमीटरच्या वर. तिथून सुटलेला बिडाचा कण काचेवर आदळला, तर काचेचेच तुकडे डोळ्यात.

भिंग पॉलिकार्बोनेटचं, म्हणजे सहज न फुटणाऱ्या चिवट प्लॅस्टिकचं हवंच, पण लोक चुकतात ते फ्रेममध्ये. घरच्याच फ्रेममध्ये नवी भिंगं बसवून घेतात. तिची खाच उथळ. दणका बसला की भिंग न फुटता अख्खं मागे डोळ्यावर येतं. सेफ्टी फ्रेमला आतून उंच कड असते आणि बाजूला झापडं. नंबरच्या भिंगांसाठी बनलेल्या फ्रेमवर 'झेड 87-2' (Z87-2) अशी सेफ्टी चष्म्याच्या अमेरिकन मानकाची खूण बघा. झापडं काढून ठेवू नका, बैलासारखं दिसलं तरी!

आता तुम्ही न लिहिलेली गोष्ट. उणे अडीचवाल्याला उघड्या डोळ्यांनी 40 सेंटीमीटरवरचं स्वच्छ दिसतं. त्यामुळे कास्टिंगला बर, म्हणजे धातूची धारदार कड, राहिली का बघायला तुम्ही चष्मा कपाळावर ढकलत असणार. तुमचा ग्राइंडर बंद असला तरी शेजारच्याचा चालूच असतो ना? म्हणून नंबर कामाच्या अंतराचा काढून घ्या. कामाला उभे राहा, डोळ्यापासून कास्टिंगपर्यंत सुतळी धरा, गाठ मारा आणि ती सुतळी घेऊन नंबर तपासायला जा. वाचायच्या अंतराचा बायफोकल तिथे उपयोगाचा नाही.

ग्राइंडिंगला या चष्म्यावर फेस शील्डही लागतंच. भिंग थिनरने पुसू नका, बारीक तडे जातात. साबणाचं पाणी बास.

खर्चासाठी सेफ्टी ऑफिसरकडे लेखी अर्ज द्या, नंबरचा कागद जोडून. तोंडी मागितलेलं विसरलं जातं. डोळ्यांच्या संरक्षणाचं कलम 1948च्या कारखाना कायद्यातही होतं, 35वं; साहेबांना ते नवीन नाही.

चष्मा तयार होईपर्यंत चष्म्यावरून बसणारा मोठा गोगल स्टोअरमधून मागून घ्या. त्याला सरळ भोकं नकोत, आडोशाचे झरोके हवेत. त्यातून वाफ जाते, कण आत येत नाही.