आवडत्या सायफाय सिरीजच्या नव्या सिनेमाचा ट्रेलर बघून मूड गेला, सिनेमाही असाच असेल का?

म्हणजे तुमचं म्हणणं असं की लहानपणापासून जी सिरीज बघत आलात तिचा नवा ट्रेलर आला आणि त्यात नुसती मारामारी, स्फोट आणि ढणढण गाणं, सायन्सचा पत्ता नाही, तर सिनेमाही तसलाच निघणार का, आणि स्टुडिओवाल्यांना फॅन्सची काही किंमत आहे की नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. किंमत आहे हो, पण ट्रेलर तुमच्यासाठी नसतोच मुळात. तुम्ही पहिल्या दिवशी जाणार, शिव्या घालत का होईना पण जाणार, हे त्यांना पक्कं माहितीये, मग तुमच्यावर पैसा कशाला घालवतील? सगळी धडपड असते ती ज्याने आधीचे भाग बघितलेच नाहीत आणि "आधीचं सगळं बघावं लागेल का रे?" अशी ज्याला धास्ती असते त्याच्यासाठी. हॉलिवूडमध्ये रिलीजच्या काही आठवडे आधी ट्रॅकिंगचे सर्व्हे सुरू होतात, पुरुष-बायका आणि पंचविशीच्या आतले-वरचे असे चार गट पाडायचे, सिनेमा येतोय हे किती जणांना माहितीये, किती जणांना बघायचाय ते विचारायचं, आणि जिथे आकडा ढिला दिसेल तिकडे जाहिराती वळवायच्या. त्या चार खान्यांत "कट्टर फॅन" असा खानाच नाहीये.

तुमचं वर्णन वाचून मला 'स्टार ट्रेक' या जुन्या टीव्ही मालिकेवरून निघालेला 'स्टार ट्रेक बियाँड'च आठवला. डिसेंबर २०१५ मध्ये त्याचा पहिला ट्रेलर आला, बीस्टी बॉईज या बँडचं 'सॅबोटाज' गाणं, यानाचा कॅप्टन कर्क मोटरसायकलवर, उड्या, ढिशुम ढिशुम, आणि त्यात दिग्दर्शक जस्टिन लिन म्हणजे 'फास्ट अँड फ्युरिअस'वाला, त्यामुळे फॅन्सनी कपाळावर हातच मारला की झालं, आता अंतराळात गाड्या उडवणार. सायमन पेग, जो त्यात यानाचा इंजिनिअर स्कॉटी आहे आणि पटकथा लिहिणाऱ्यांपैकीही एक आहे, त्यानेच सांगून टाकलं की हा ट्रेलर काही मलाही फारसा आवडला नाही, सिनेमात गोष्ट आहे, जरा धीर धरा. जुलै २०१६ ला सिनेमा आला आणि बघतो तर क्रू एका ग्रहावर दोघा-दोघांत विखुरलेला, जखमी स्पॉक आणि डॉक्टर मॅकॉय एकमेकांना टोमणे मारत चाललेत, एकदम साठच्या दशकातल्या मालिकेचा सूर.

आणि ते गाणं? ते सिनेमात खरंच आहे, तेही ऐन क्लायमॅक्सला! शत्रूच्या छोट्या छोट्या यानांचा भलामोठा थवा आपसात सिग्नलचा ताळमेळ ठेवून उडत असतो, तो ताळमेळ बिघडवायला हे लोक व्हीएचएफवर, म्हणजे रेडिओच्या लहरींवर, मोठ्याने हेच गाणं सोडतात आणि यानं फटाफट फुटायला लागतात. सायन्स म्हणून कितपत पटतं ते सोडा, थिएटरात मजा आली राव. शिवाय २००९ च्या भागात पोरसवदा कर्क गाडी पिटाळतो तिथे हेच गाणं होतं, म्हणजे ज्याला फॅन्स बाजारूपणा म्हणत होते तो खरं तर फॅन्ससाठीच ठेवलेला धागा निघाला. पण गल्ला म्हणाल तर आधीच्या भागाने जगभरात साधारण ४६ कोटी डॉलर कमावले होते, याने ३४ कोटींच्या आसपास, म्हणजे फॅन्सना दुखावून नवे लोक आणायचे होते तेही काही खोऱ्याने आले नाहीत.

त्याच्या आधीच्या भागात, २०१३ च्या 'इनटू डार्कनेस'मध्ये, बरोबर उलटा खेळ केला होता, लपवाछपवीचा. बेनेडिक्ट कंबरबॅच जो व्हिलन करतोय तो 'स्टार ट्रेक'मधला जुना व्हिलन खानच आहे हे फॅन्सनी केव्हाच ओळखलं होतं, तरी टीम शेवटपर्यंत नाही, नाही, हा जॉन हॅरिसन म्हणून वेगळाच माणूस आहे म्हणत बसली. नंतर दिग्दर्शक जे. जे. अब्राम्सनेच कबूल केलं की सरळ सांगून टाकलं असतं तर बरं झालं असतं, आणि कारण काय दिलं माहितीये? खानचं नाव घेतलं तर हा फक्त जुन्या फॅन्सचा सिनेमा आहे असं वाटेल ही स्टुडिओची भीती! परत तेच, जो फॅन नाही त्याची काळजी.

आणि याच भीतीपोटी २०१५ च्या 'टर्मिनेटर जेनिसिस'च्या ट्रेलरमध्ये मशीन्सविरुद्ध लढणाऱ्या माणसांचा नेता जॉन कॉनरच मशीन झालाय हे सिनेमातलं सगळ्यात मोठं गुपित फोडून टाकलं, का तर लोकांना वाटू नये की परत जुनंच उकरून काढलंय. दिग्दर्शक अ‍ॅलन टेलर त्यावर नाराज होता. म्हणजे एकीकडे गुपित लपवून फॅन्सना वैताग आणायचा, दुसरीकडे गुपित फोडून.

त्यामुळे ट्रेलरवरून सिनेमाचा अंदाज बांधू नका, फार तर मार्केटिंगवाल्यांना कशाची धाकधूक आहे तेवढं कळतं. ट्रेलर बहुतेक वेळा बाहेरची एजन्सी कापते, तेव्हा सिनेमाचं एडिटिंग चालू असतं, व्हीएफएक्स अर्धवट असतात, आणि संगीतही बऱ्याचदा दुसरंच. 'स्टार वॉर्स'वाल्या 'रोग वन'च्या ट्रेलर्समधले कितीतरी शॉट्स सिनेमात नव्हतेच, नायिकेसमोर टाय फायटर हे लढाऊ यान वर येतं तो शॉट तर कित्येकांनी थिएटरात शोधला असेल. 'अ‍ॅव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर'च्या ट्रेलरमध्ये तर सगळ्यांबरोबर धावणारा हल्क मुद्दाम फसवायला टाकला होता.

तुम्ही बघायचंच असेल तर पटकथा कोणाची आहे ते बघा, आणि स्टुडिओने रिव्ह्यू छापण्यावर घातलेली बंदी कधी उठतेय ते बघा. रिलीजच्या बरेच दिवस आधी रिव्ह्यू येऊ दिले तर स्टुडिओला आतून भरवसा आहे असं समजायला हरकत नाही, आदल्या रात्रीपर्यंत दाबून ठेवले तर जरा सावध (यालाही अपवाद आहेत, गुपितं जपायला पण असं करतात). आणि शेवटच्या महिन्यातले टीव्ही स्पॉट, 'फायनल ट्रेलर', त्यानंतरचा अजून एक फायनल ट्रेलर, हे तर अजिबात बघू नका, तोवर ट्रॅकिंगचे आकडे येऊन घबराट सुटलेली असते आणि हाताला लागेल तो सीन बाहेर टाकतात.