इंग्लिश कोलोकेशन डिक्शनरीत, म्हणजे कोणते शब्द एकमेकांबरोबर वापरतात ते सांगणाऱ्या डिक्शनरीत, कोणती शब्दजोडी घ्यायची हे कसं ठरवतात? जास्त वेळा एकत्र आली की घेतात का? मला स्वतःची यादी करायचीय.

नुसत्या मोजणीने नाही होत. सगळ्यात जास्त वेळा शेजारी येणाऱ्या जोड्या काढल्या तर वरती 'ऑफ द', 'इन द' असलंच येतं, त्याचा शिकणाऱ्याला काय उपयोग? म्हणून दोन शब्द योगायोगाने जेवढे एकत्र आले असते त्याहून किती जास्त येतात ते बघतात. त्यासाठीचं म्युच्युअल इन्फर्मेशन हे माप केनेथ चर्च आणि पॅट्रिक हँक्स या संशोधकांनी १९९० मध्ये डिक्शनरीच्या कामासाठी मांडलं, पण ते क्वचित येणाऱ्या शब्दांना फार डोक्यावर घेतं. टी-स्कोअर हे दुसरं माप बरोबर उलटं, नेहमीच्या शब्दांना झुकतं माप. दोन्हीच्या याद्या शेजारी ठेवल्या की एकच शब्द वेगळाच दिसतो.

पण मशीनची यादी ही सुरुवात, खरी निवड माणूस करतो.

मी इंग्लिश लेखन शिकवते, त्यासाठी एकदा 'डिसिजन' हा शब्द कॉर्पसमध्ये, म्हणजे खऱ्या लिखाणाच्या मोठ्या संगणकीय साठ्यात, टाकून बसले होते. मेक, टेक, रीच आले, ते हवेतच. 'हर डिसिजन' आलं, ते नको, कारण 'हर' कुठल्याही नामाआधी येतं. 'डिसिजन मेकिंग' म्हणजे वेगळाच जोडशब्द. आणि मग 'इन्फॉर्म्ड डिसिजन' दिसलं! 'नीट माहिती घेऊन केलेला निर्णय' असं मनात असणाऱ्याला हे कधीच आपलं आपण सुचणार नाही. अशा जोड्यांसाठीच ही डिक्शनरी असते.

अगदी मोकळ्या जोड्या सोडतात, 'रेड कार' कोण शोधणार? दुसऱ्या टोकाला 'किक द बकेट' (म्हणजे मरणं), त्याचा अर्थ शब्दांतून कळतच नाही, ते वाक्प्रचारांच्या डिक्शनरीचं काम. घ्यायचं ते मधलं, 'हेवी रेन' सारखं, जिथे अर्थ कळतो पण 'हेवी'च का हे आपल्याला सांगता येत नाही.

खरी अडचण ही की सोपं कुणाला? 'टेक ॲन एक्झाम' इंग्लिश मातृभाषा असलेल्या संपादकाला इतकं सरळ वाटेल की जागा वाचवायला तो ते काढूनही टाकेल, पण आपण परीक्षा 'देतो', म्हणून आपली मुलं 'गिव्ह ॲन एक्झाम' लिहितात आणि ब्रिटिश वाचकाला वाटतं हा परीक्षा घेणारा मास्तर आहे. म्हणून अंदाज येण्यासारखी जोडी असली तरी काढू नये असं माझं ठाम मत आहे, कारण अंदाज बरोबर आला की नाही हे बघायलाच तर माणूस डिक्शनरी उघडतो.

तुमच्या यादीसाठी: जोडी नामाखाली लिहा, लिहिणाऱ्याला 'रेन' आधी आठवतो, 'हेवी' नाही. ती एकाच पुस्तकातून किंवा एकाच बातमीतून तर येत नाही ना ते बघा. आणि पन्नासेक वाक्यं खरंच वाचा, आकड्यावर थांबू नका. 'कॉज' ची वाचली तर पुढे डॅमेज, प्रॉब्लेम्स, डिले असं वाईटच जास्त दिसेल, आणि मग 'कॉज हॅपिनेस' का खटकतं ते कळेल, तेही नोंदीत एका ओळीत लिहून ठेवा.