अमेरिकन ज्यूकबॉक्स (नाणं टाकून रेकॉर्ड वाजवायचं मशिन) भारतात २३० व्होल्टवर चालेल का? आधी काय दुरुस्त करावं?

चालेल, पण नुसता स्टेपडाउन (व्होल्टेज कमी करणारा) ट्रान्सफॉर्मर पुरत नाही. सीबर्ग एम १०० सी (१९५२) सारख्या मशिनची मोटर ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० आवर्तनांच्या) विजेसाठी बनवलेली असते. आपल्या ५० हर्ट्झवर ४५ आरपीएमची (मिनिटाला ४५ फेऱ्यांची) तबकडी साडेसदतीसनेच फिरते आणि गाणं रेंगाळतं. लेथवाल्याकडून मोटरच्या पुलीवर मूळ व्यासाच्या १.२ पट पितळी स्लीव्ह (नळीसारखं वेष्टण) बसवून घ्या, किंवा ६० हर्ट्झ देणारा कन्व्हर्टर लावा. स्लीव्ह स्वस्त पडते. मात्र तिचा मध्य जराही सरकला की आवाज लहरतो.

विकत घेतल्या घेतल्या प्लग लावण्याचा मोह कृपया आवरा! गिअरमधलं जुनं ग्रीस दगडासारखं घट्ट झालेलं असतं आणि तशीच मोटर फिरवली तर गिअर तुटतो. मेकॅनिझम खोलून, धुऊन नवं ग्रीस भरा.

अ‍ॅम्प्लिफायरमधले सगळे पेपर आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे भाग) बदला: ०.०५ च्या जागी ०.०४७ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्ट. २० च्या जागी २२ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्ट. कपलिंग कपॅसिटर (एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात सिग्नल नेणारा) गळका असेल, म्हणजे त्यातून डीसी वीज झिरपत असेल, तर आउटपुट व्हॉल्व्ह (स्पीकरला ताकद देणारी काचेची नळी) लालबुंद होतो, पाठोपाठ ट्रान्सफॉर्मर जळतो.

दोन पिनांची वायर काढून तीन कोअरची टाका, चॅसिसला (धातूच्या सांगाड्याला) अर्थिंग द्या. सुई तपासल्याशिवाय चांगली रेकॉर्ड लावू नका.