वाचक विचारतात : मालदीव, मॉरिशस की बाली?

प्रश्न : लग्नाला पंचवीस वर्षं होताहेत म्हणून तीन रात्री मालदीवला जायचं म्हणतोय. एजंटने खोलीचा दर रात्रीला २०० डॉलर ‘प्लस प्लस’ सांगितला. भाची म्हणते, हातात बिल येईपर्यंत दीडपट होतं. खरं आहे का? (डोंबिवली)

उत्तर : भाची फारशी चुकत नाही. ‘प्लस प्लस’ म्हणजे सर्व्हिस चार्ज आणि कर या दरात धरलेले नाहीत. हिशेबच करून बघा. तीन रात्रींचे ६०० डॉलर. त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज, झाले ६६०. पर्यटनावरचा जीएसटी १ जुलै २०२५ पासून १७ टक्के आहे आणि तो ६०० वर न लागता ६६० वर लागतो, म्हणजे आणखी ११२.२०. आता आकडा ७७२.२०. शिवाय ग्रीन टॅक्स, रिसॉर्टमध्ये माणशी रात्रीला १२ डॉलर, दोघांचे ७२. एकूण ८४४.२०. आणि अजून तुम्ही मालेच्या विमानतळावरच उभे आहात.

तिथून पुढचा प्रवास हा खरा मोठा खर्च. मालदीवमध्ये एका बेटावर एकच रिसॉर्ट अशी पद्धत आहे. मालेजवळच्या रिसॉर्टला स्पीडबोट जाते, लांबच्याला सीप्लेन. सीप्लेनचं जाऊन-येऊन भाडं माणशी ४०० डॉलरच्या पुढे सहज जातं. ते फक्त उजेडात उडतं. दुपारी साडेतीन-चारनंतर मालेत उतरलात, तर बहुतेक वेळा ती रात्र विमानतळाजवळच्या हुलहुमालेतल्या हॉटेलात काढावी लागते आणि रिसॉर्टची पैसे भरलेली एक रात्र फुकट जाते. संध्याकाळी पोचणारं स्वस्त तिकीट असं महागात पडतं. सामानही साधारण २० किलो आणि हातात ५ किलो एवढंच चालतं, वरच्या वजनाचे पैसे वेगळे.

एजंटकडून ‘सगळे कर आणि ट्रान्सफर धरून दोघांचा एकूण आकडा’ अशा शब्दांत लिहून घ्या. हाफ बोर्ड (नाश्ता आणि रात्रीचं जेवण) असेल तर दुपारचं जेवण तुमच्या खिशातून, आणि पाण्याची बाटलीसुद्धा त्यात धरलेली आहे का ते विचारा. २४ आणि ३१ डिसेंबरला बऱ्याच रिसॉर्टमध्ये गाला डिनर सक्तीचं असतं. न जेवताही पैसे लागतात. देश सोडतानाचा कर (इकॉनॉमीला ५० डॉलर) विमानाच्या तिकिटातच असतो, तो कुणी वेगळा मागितला तर देऊ नका. इथल्या कंपनीकडून पॅकेज घेतलंत तर टीसीएस (पैसे भरतानाच वसूल होणारा आयकर) कापला जाईल. तो खर्चात धरू नका, आयकर विवरणपत्रात त्याचं क्रेडिट मिळतं.

प्रश्न : मग मॉरिशस आणि बाली स्वस्त कशी पडतात? समुद्र तर तिथेही निळाच! (नाशिक)

उत्तर : समुद्राचा रंग सगळेच विकतात; फरक आहे तो जमिनीचा. मालदीवची बेटं पोवळ्याच्या चुऱ्याची, समुद्रापासून जेमतेम मीटर-दीड मीटर उंच. शेती नावापुरती, नदी नाही. प्रत्येक रिसॉर्ट म्हणजे एक स्वतंत्र गाव : वीज स्वतःच्या डिझेल जनरेटरची, पाणी समुद्राचं गोडं केलेलं, सांडपाण्याची सोयही स्वतःची. ताटातलं जवळजवळ सगळं बाहेरून येतं. तुम्ही नाशिकचे, म्हणून सांगण्यासारखं : १९८१ च्या व्यापार करारामुळे भारताची कांदा निर्यात बंद असली तरी मालदीवचा ठरलेला कोटा जातो. त्याच यादीत अंडी, बटाटे, डाळ आहे आणि बांधकामासाठी नदीची वाळूही आहे. वाळूच्या बेटांना वाळू पाठवायची!

मॉरिशस आणि बाली ज्वालामुखीतून झालेली, डोंगरांची, नद्यांची. मॉरिशसला उसाची शेती, रस्ते, बस, बाजार. हॉटेलबाहेर पडून रस्त्याकडेला ढोल पुरी (डाळ भरलेली पातळ पोळी) खाल्ली की जेवण झालं. बालीत भात पिकतो आणि गावात घर भाड्याने मिळतं, त्यामुळे स्वतःचा छोटा पोहण्याचा तलाव असलेलं घरही मालदीवच्या साध्या खोलीपेक्षा कमी पैशात पडतं. मालदीव त्यांच्याशी स्वस्ताईत लढूच शकत नाही. तो ‘आख्खं बेट तुमचं’ एवढंच विकतो आणि ते चांगलं विकतो. मात्र दोन दिवसांत कंटाळणाऱ्याने तिथे पाच रात्री घेऊ नयेत.

प्रश्न : मालदीवमध्येच गेस्ट हाउसात राहिलं तर? (सांगली)

उत्तर : परवडतं. २००९ नंतर वस्तीच्या बेटांवर गेस्ट हाउसना परवानगी मिळाली. माफुशी हे त्यांतलं सर्वांत गजबजलेलं. ५० पर्यंत खोल्यांच्या गेस्ट हाउसला ग्रीन टॅक्स रिसॉर्टच्या निम्मा, ६ डॉलर. पण ही गावं आहेत. दारू मिळत नाही आणि पोहण्याचे तोकडे कपडे फक्त ठरवून दिलेल्या ‘बिकिनी बीच’वर चालतात. सरकारी फेरी सगळ्यात स्वस्त, पण शुक्रवारी बहुतेक बंद असते, म्हणून त्या दिवशी पोचायचं ठेवू नका. एक दिवस शेजारच्या रिसॉर्टचा ‘डे पास’ घेतला की दोन्ही बघून होतं. आमचं मत विचाराल तर पोरांना घेऊन जाणाऱ्यांनी हेच करावं.

प्रश्न : आम्हाला दिवाळी आणि मे महिना सोडून सुट्टी नाही. कोणतं बेट कधी? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : मे महिन्यात बाली. तिथे एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा हंगाम. मॉरिशस विषुववृत्ताच्या खाली, म्हणजे मेमध्ये तिथे थंडीची सुरुवात. हवा छान, पाणी अजून कोमट. जून ते सप्टेंबर मात्र पूर्व किनाऱ्यावर वारा झोडपतो, तेव्हा उत्तरेला किंवा पश्चिमेला हॉटेल घ्यावं. अंदमानला मेच्या उत्तरार्धात पाऊस गाठतो, फेऱ्या रद्द होतात.

दिवाळीत मॉरिशस किंवा सेशेल्स. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सेशेल्सचा वारा पडलेला असतो आणि पाणी नितळ. जानेवारी ते मार्च मॉरिशस टाळा, चक्रीवादळांचे दिवस. मालदीवचा कोरडा हंगाम डिसेंबर ते एप्रिल, दरही तेव्हाच चढे. पण तिथल्या ‘बा’ नावाच्या अटोलमधल्या (अटोल म्हणजे पोवळ्याच्या बेटांचं कडं) हनिफारू खाडीत मांटा रे मासे थव्याने येतात ते जून ते नोव्हेंबरच्या दरम्यान, म्हणजे ‘ऑफ सीझन’लाच. तिथे स्कूबा चालत नाही, फक्त स्नॉर्केल (नळीने श्वास घेत वरवर पोहणं).

आणखी एक : सप्टेंबरच्या आसपास मॉरिशसला गेलात तर गणेश चतुर्थीची तारीख बघून जा. तिथे त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. कोकणातून ऊसमळ्यांवर गेलेल्या मजुरांच्या वंशजांची मिरवणूक समुद्रावर किंवा नदीवर जाते.

प्रश्न : लक्षद्वीपचं एवढं नाव झालं, तरी पॅकेज स्वस्त का नाहीत? (कोल्हापूर)

उत्तर : जागाच नाही. ३६ बेटं, त्यांतल्या १० वर वस्ती, सगळं मिळून ३२ चौरस किलोमीटर. आगत्तीच्या धावपट्टीवर छोटी एटीआर विमानंच उतरतात. गोडं पाणी म्हणजे वाळूखालचा पातळ थर. जास्त उपसलं की खारं होतं. मालदीवच्या मंत्र्यांनी पंतप्रधान मोदींवर केलेल्या शेरेबाजीवरून झालेल्या जानेवारी २०२४ च्या वादानंतर भारतीय मालदीवकडून वळले हे खरं. २०२३ मध्ये दोन लाखांवर गेले होते, २०२४ मध्ये सुमारे १ लाख ३० हजार. पण ते सगळे लक्षद्वीपला मावलेच नसते, तिथली लोकसंख्याच २०११ च्या जनगणनेत ६४ हजार होती. आपल्याच देशातलं असलं तरी प्रवेश परवाना लागतो. आधी परवाना, मग तिकीट, हा क्रम चुकवू नका. बंगारम बेट सोडून दारूबंदी.

प्रश्न : माझं तारकर्लीला होमस्टे आहे. पाहुणे म्हणतात, ‘पाणी मालदीवसारखं नाही.’ काय सांगू? (मालवण)

उत्तर : खरं कारण सांगा. अटोलला नद्या नसतात. आपल्याकडे सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या पावसाळाभर तांबडा गाळ आणून टाकतात. पाण्याखाली दिसणं आज पाच मीटर, उद्या दोन, भरती-ओहोटी आणि वाऱ्यावर अवलंबून. म्हणून स्कूबा विकणाऱ्याने मालदीवचे फोटो लावले की पाहुणा नाराज होणारच. त्याच दिवशी सकाळी बोटवाल्याने काढलेला फोटो दाखवा. कमी दिसत असेल तर दुसऱ्या दिवसावर ढकला. पहिल्यांदा उतरणाऱ्याला उथळ पाण्यात मास्कमधलं पाणी काढायला आणि नाक दाबून कान मोकळे करायला शिकवतात की नाही, हे तुम्ही स्वतः एकदा उभं राहून पाहा. सर्दी झालेल्याला उतरू देऊ नका, कान दुखावतो. डाइव्ह केल्यावर १८ तास विमान टाळायचं, तेव्हा चिपी विमानतळावरून परतणाऱ्याची डाइव्ह पहिल्या दिवशीच ठेवा.

आणि ताज्या सुरमईचं ताट त्या बेटांवर तुमच्या भावात कुणी देत नाही. दर लिहिताना तेच वर लिहा.

थोडक्यात : बालीचा १ लाख ५० हजार इंडोनेशियन रुपियांचा (आपले रुपये नव्हेत) पर्यटन कर (फेब्रुवारी २०२४ पासून) आणि मालदीवचा ‘इमुगा’ हा प्रवाशाच्या माहितीचा अर्ज, दोन्ही सरकारी संकेतस्थळावरच भरा. इमुगा फुकट आहे आणि पोचण्याआधीच्या ९६ तासांतच भरायचा असतो. त्याचे पैसे मागणारं संकेतस्थळ नकली समजा.