मसुराचा संकर का फसतो?

प्रश्न : आम्ही कृषी महाविद्यालयात कुंड्यांतल्या मसुरावर हाताने संकर करतो. बरीच फुले गळतात. जी शेंग धरते तिचे दाणे पेरले, तर झाडे मादी वाणासारखीच येतात. चुकते कुठे?

उत्तर : मुख्य चूक वेळेची आहे. मसुराचे परागकोश फूल उमलण्याआधी, बंद कळीतच फुटतात. पाकळ्या बाहेर डोकावल्या की फुलाचे स्वतःच्याच परागांनी फलन (स्वपरागण) होऊन उशीर झालेला असतो. पाकळ्या निदलांच्या (कळीबाहेरच्या हिरव्या दलांच्या) साधारण पाऊण उंचीला आलेली कळी निवडा. भिंगातून परागकोश पोपटी आणि घट्ट दिसायला हवेत. पिवळी भुकटी दिसली तर ती कळी खुडून टाका.

कळी चिमटीत धरून पुढचे निदल काढा, मोठी पाकळी मागे सारा, आतली होडीसारखी पाकळी टोकदार चिमट्याने चिरा. पुंकेसर दहा असतात : नऊ जुळलेले, एक सुटा. मोजूनच काढा, कारण एक परागकोश राहिला तरी सगळी मेहनत वाया जाते. प्रत्येक कळीनंतर चिमटा स्पिरिटमध्ये बुडवा. नर वाणाच्या नुकत्या उमलणाऱ्या फुलाचे पराग लगेच किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी कुक्षीवर (स्त्रीकेसराच्या टोकावर) लावा. त्या दांड्यावरची बाकीची फुले काढून दोरा बांधा. कुक्षीला चिमटा लागला किंवा हवा कोरडी-उष्ण असली की फूल गळते. म्हणून बहराच्या सुरुवातीलाच काम उरका.

खात्रीसाठी दाणे पेरून हंगाम घालवण्याची गरज नाही. पिवळ्या डाळीचा वाण मादी आणि नारिंगी डाळीचा नर घ्या. नारिंगी रंग प्रभावी आहे. दाण्याची साल मादी झाडाची असते, पण आतली डाळ नव्या गर्भाची. अंकुराच्या विरुद्ध बाजूने साल किंचित खरवडा : डाळ नारिंगी दिसली तर संकर जमला, पिवळी असेल तर स्वपरागण. आम्ही तरी नवशिक्यांना हीच जोडी द्यावी असे म्हणू.

प्रश्न : संकर जमल्यावरही वाण यायला इतकी वर्षे का लागतात?

उत्तर : दुसऱ्या पिढीत गुण विखुरतात. पुढे स्वपरागणाने प्रत्येक पिढीत मिश्रता (आईबापांकडून वेगवेगळी आलेली जनुकांची जोडी) निम्मी होते. सहाव्या पिढीत ती सुमारे 3 टक्के उरते. त्यानंतर वेगवेगळ्या ठिकाणच्या चाचण्या. त्यातच दक्षिण आशियातल्या मसुराचा जनुकीय पाया अरुंद, आणि पश्चिम आशियातले वाण इथल्या लहान दिवसांत फार उशिरा फुलतात. म्हणूनच अर्जेंटिनाचा लवकर येणारा, टपोऱ्या दाण्याचा ‘प्रेकोझ’ पैदासकारांना इतका उपयोगी पडला.