आकडे दर आठवड्याला बदलत असतील तर आधी मायकोप्लाझ्मा तपासा

तुझी पोस्ट काल रात्री वाचली आणि बराच वेळ झोप लागली नाही. (वयाने मोठी आहे म्हणून अगंतुगं करते, राग मानू नकोस.) सह्याद्रीतल्या झाडाचा मिथेनॉल अर्क, एमसीएफ-७ म्हणजे स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी, आणि जिवंत पेशी किती ते रंगावरून सांगणारी एमटीटी चाचणी. गेल्या महिन्यात आयसी५० (पेशी निम्म्यावर आणायला लागणारं अर्काचं प्रमाण) आला ४०, या महिन्यात ११०, परवा १८. अर्क न घातलेल्या, कंट्रोलच्या पेशीसुद्धा पूर्वीसारख्या वाढेनात. आणि गाईड म्हणतात, "तुझा हातच बसलेला नाही." हेच वाक्य मी याच कोल्हापुरात, पीएचडीच्या तिसऱ्याच वर्षी ऐकलंय. म्हणून सविस्तर लिहिते.

पिपेट तपासणं, पेशी मोजणं, अर्क विरघळवायच्या डीएमएसओचं प्रमाण, प्लेटच्या कडेच्या वेल्स (खळगे) सोडून देणं हे सगळं तू केलं असणारच, त्यात शिरत नाही. तुझ्या पोस्टमधल्या एका ओळीवर मी थांबले: "पेशी मैत्रिणीच्या लॅबमधून आणल्या." त्या आल्यावर मायकोप्लाझ्मासाठी, म्हणजे पेशींबरोबर लपून वाढणाऱ्या अतिसूक्ष्म जिवाणूंसाठी, तपासल्या का, हे तू कुठेच लिहिलेलं नाहीस. मी तपासल्या नव्हत्या. त्यात माझे अकरा महिने गेले.

झालं असं. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला महापूर आला. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि शहरात येणारं सगळंच थांबलं. पेशी गोठवून ठेवायच्या आमच्या द्रव नायट्रोजनच्या कंटेनरमध्ये आधीच तळाला थोडं उरलं होतं, कारण मागचं बिल खरेदी विभागात अडकलेलं आणि पुरवठादाराने "आधीचे पैसे द्या, मग भरतो" म्हणून सांगितलेलं. पातळी बघायला आम्ही लाकडी पट्टी बुडवायचो. बाहेर काढली की जिथवर पांढरं दव धरतं तिथवर नायट्रोजन. पुराच्या चौथ्या दिवशी कशीबशी लॅबमध्ये पोचले, पट्टी बुडवून बाहेर काढली, हवेत धरून थांबले. दव धरलंच नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून, म्हणजे एनसीसीएसमधून, रीतसर आणलेल्या पेशींच्या सगळ्या व्हायल्स गेल्या होत्या.

पुन्हा एनसीसीएसकडूनच मागवायला हवं होतं. पण त्यासाठी मागणीपत्र, त्यावर सह्या, आगाऊ पैशाची मंजुरी, आणि ते सगळं पुन्हा त्याच खरेदी विभागातून. मला घाई होती. दुसऱ्या गावातल्या ओळखीच्या लॅबने एक फ्लास्क दिला. गळ्यापर्यंत मीडियम (पेशी वाढवायचं पोषक द्रावण) भरून, झाकणाला पॅराफिल्म गुंडाळून, एसटीत मांडीवर धरून आणला. मायक्रोस्कोपखाली बघितला तर पेशी छान चिकटलेल्या, मीडियम गुलाबी, गढूळपणाचं नाव नाही. वर पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन घातलेलं होतंच. मी निर्धास्त झाले. माझी घोडचूक ती हीच. नायट्रोजन संपणं माझ्या हातात नव्हतं, हे मात्र होतं.

मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिका नसते. पेनिसिलिन पेशीभित्तिकेवरच काम करतं, त्यामुळे त्याचा इथे काहीच उपयोग नाही. हे जीव इतके लहान आणि लवचिक की ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही पार होतात. मीडियम गढूळ होत नाही, साध्या मायक्रोस्कोपला दिसत नाही. पेशींच्या पटलाला चिकटून राहतात आणि आर्जिनिनसारखी पेशीला लागणारी द्रव्यं खातात. पेशी मरत नाहीत, पण त्यांचं सगळं वागणं बदलतं. येतात कुठून? बहुतेक वेळा आपल्याच तोंडातून, मीडियममध्ये घालतात त्या गाईवासरांच्या सीरममधून, पेशी सुट्या करायच्या डुकराच्या ट्रिप्सिनमधून, आणि सर्वांत सोपी वाट म्हणजे शेजारच्या लॅबच्या फ्लास्कमधून. हे काही नवं नाही, १९५६ पासून माहीत आहे.

आता तुझ्या आकड्यांकडे बघ. एमटीटीत जांभळा रंग येतो तो जिवंत पेशी त्या रंगद्रव्याचं क्षपण करतात म्हणून. मायकोप्लाझ्माही ते क्षपण करू शकतात. म्हणजे तुझ्या वेलमध्ये दोन जातींचे जीव मिळून रंग देत असतील तर त्यातला स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींचा वाटा किती, हे कुणीच सांगू शकणार नाही. वाढ किती झालीय त्यावर तो वाटा दर आठवड्याला बदलतो. काही मायकोप्लाझ्मा तर जेमसायटाबीनसारखं औषध पेशीत पोचायच्या आधीच मोडून टाकतात, मग माणसाला वाटतं पेशी औषधाला दाद देत नाहीत. अशात हात कितीही बसलेला असला तरी आकडा स्थिर येणार नाही.

मला कळलं ते योगायोगानेच. एका कार्यशाळेला गेले होते, तिथे सरावाला स्वतःच्या पेशी आणा म्हणाले. कव्हरस्लिपवर वाढवलेल्या पेशींना होएक्स्ट (डीएनएला चिकटून निळं चमकणारं रंगद्रव्य) लावलं आणि अंधाऱ्या खोलीत फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपला डोळा लावला. केंद्रकं निळी, ठसठशीत, गोल. पण केंद्रकाबाहेर जिथे नुसता काळोख हवा, तिथे प्रत्येक पेशीभर बारीक निळे ठिपके, मूठभर रवा सांडल्यासारखे. शिकवणाऱ्या मॅडम मागे उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, माझ्या खांद्यावर हात ठेवला फक्त. वहीतली अकरा महिन्यांची पानं त्या ठिपक्यांबरोबर गेली हे मला तिथेच समजलं.

परत येऊन तपासणी किटची मागणी टाकली. तीन दरपत्रकं आणा म्हणाले, आणली. मग फाइल शेरा मारून परत: प्रकल्प कर्करोगाचा आहे, मायकोप्लाझ्मा हा वेगळा आजार आहे, मंजूर प्रस्तावात त्याचा उल्लेख नाही. मी समोर बसून समजावलं, लेखी दिलं, गाईडांची सही आणली. पाच महिने! त्या टेबलावर कुणाचंही वैर नव्हतं माझ्याशी, पण आपल्या एका शेऱ्याने एका मुलीचं अर्धं वर्ष जातंय हे विचारायचीही कुणाला गरज वाटली नाही, याचा राग मला आजही आहे. तुला यातून एवढंच सांगेन की अर्जात "मायकोप्लाझ्मा" हा शब्द मथळ्याला घालू नकोस. "पेशी-गुणवत्ता तपासणी, उपभोग्य साहित्य" असं लिही. आणि किटसाठी अडून राहू नकोस. मायकोप्लाझ्माचं १६एस आरआरएनए जनुक पीसीआरने शोधायचे प्रायमर किटच्या मानाने फार स्वस्तात मिळतात, पीसीआर मशीन तुमच्या विभागात असेलच. पॉझिटिव्ह कंट्रोल (मायकोप्लाझ्मा नक्की असलेला नमुना) मात्र ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडून डीएनएच्या रूपातच आण, जिवंत काही आणू नकोस.

तपासताना पेशी दोन-तीन दिवस अँटिबायोटिकशिवाय दाट वाढू दे, मग वरचं मीडियम घे, ९५ अंशाला पाच मिनिटं ठेवून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरव आणि वरचं पाणी वापर. ताजं मीडियम बदलल्यावर लगेच तपासलंस तर खोटं निगेटिव्ह येईल. शक्य असेल तर होएक्स्ट किंवा तसंच दुसरं रंगद्रव्य डॅपीसुद्धा कर. दोन्ही पद्धती जुळल्या तरच विश्वास ठेव.

पॉझिटिव्ह आलं तर माझं मत स्पष्ट आहे: फेकून दे. ऑटोक्लेव्ह कर, इन्क्युबेटर आणि पाण्याचा ट्रे धुऊन काढ, उघडलेल्या मीडियमच्या बाटल्याही ठेवू नकोस, आणि एनसीसीएसमधून नव्याने आण. प्लास्मोसिनसारखी औषधं आहेत, दोन आठवडे देऊन पेशी वाचवता येतात. पण रुग्णाकडून थेट घेतलेल्या, पुन्हा न मिळणाऱ्या पेशींसाठीच तो खटाटोप करावा. एमसीएफ-७ साठी नाही. नव्या पेशी आल्या की पहिल्या आठवड्यातच दहा व्हायल्स गोठव, आणि त्यातल्या निम्म्या दुसऱ्या इमारतीत ठेव. नायट्रोजन अडला तर गुरांचे डॉक्टर रेतमात्रांसाठी कंटेनर वापरतात, त्यांच्याशी आधीच ओळख ठेव. इन्क्युबेटरला लागणारे कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर आपल्याकडे फाउंड्रीमुळे सहज मिळतात, पण साच्याला वापरतात तो नको, जास्त शुद्धतेचाच माग.

आणखी एक. तुझ्या अर्कात पॉलिफेनॉल भरपूर असतील तर ते पेशी नसतानाही एमटीटीचा रंग आणतात. नुसता अर्क, मीडियम आणि एमटीटी अशी एक रांग प्लेटमध्ये लावच. शिवाय मीडियममधल्या फिनॉल रेडमध्ये इस्ट्रोजेनसारखा सौम्य परिणाम करणारी अशुद्धी असते, आणि एमसीएफ-७ पेशी इस्ट्रोजेनला प्रतिसाद देतात. पेशींची ओळख पटवणारी एसटीआर तपासणीही एकदा करून घे. हीला नावाच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशी दुसऱ्या पेशींच्या नावाखाली वर्षानुवर्षं वाढवल्या गेल्याचं १९६० च्या दशकातच उघड झालं होतं.

मी कर्करोगाची डॉक्टर नाही, माझा अनुभव दोन-तीन पेशीप्रकारांपुरता आहे. तुझा घोळ कदाचित सीरमच्या नव्या बॅचचाही असेल. पण आधी हे तपास.

इतकं पोटतिडकीने का लिहितेय तेही सांगते. माझं झाड होतं नरक्या. त्यात कॅम्प्टोथेसिन असतं. १९६६ साली वॉल आणि वाणी यांनी ते एका चिनी झाडातून वेगळं केलं, १९७२ मध्ये ते आपल्या नरक्यात सापडलं, आणि त्याच्यापासून घडवलेली टोपोटेकान आणि इरिनोटेकान १९९६ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. मधली वर्षं उगाच गेली नाहीत. १९७० च्या सुमाराला कॅम्प्टोथेसिनचं सोडियम क्षार रुग्णांना दिलं तेव्हा मूत्राशयाला आणि अस्थिमज्जेला इतका त्रास झाला की चाचण्या थांबवाव्या लागल्या. रेणूत बदल करत, डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या टोपोआयसोमरेज-१ या विकरावरचं त्याचं काम समजून घेत इथवर यायला तीस वर्षं लागली. आणि माझ्या पोस्टरची स्थानिक बातमी आल्यावर कागलकडून एका बाईंचा फोन आला. बहिणीला स्तनाचा कर्करोग, केमो परवडत नाही, "ताई, त्या झाडाची पूड किती द्यायची?" बातमीत छापलेला आयसी५० चा आकडा माझ्या त्या ठिपकेवाल्या फ्लास्कमधून आला होता. मी त्यांना पूड अजिबात देऊ नका म्हणून विनवलं, सरकारी योजनेतून उपचार होतात ते सांगितलं, कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, सीपीआरला पाठवलं. आकडा चुकीचा आहे हे मला तेव्हा माहीतही नव्हतं.

एमसीएफ-७ सुद्धा कुणाची तरी आहे. १९७० मध्ये ६९ वर्षांच्या एका ननच्या छातीत साठलेल्या पाण्यातून त्या पेशी मिळाल्या.

उद्या सोमवार आहे. सकाळी अँटिबायोटिक बंद कर, बुधवारी मीडियम घे. होएक्स्टचे फोटो काढलेस तर इथेच टाक, केंद्रकाबाहेर ठिपके दिसतात का ते मी बघते.